मधले दिवस

उज्जैनच्या फ्रीगंजात हिरव्या हरभऱ्याचे ठेले लागले की थंडी आता खरी आली असं मी समजते. आमच्या इकडे त्याला छोड म्हणतात. मुळांची माती झटकून बांधलेल्या जुड्या, पानांवर बारीक लव, आणि त्या लवेवर दवासारखी साचलेली आंबट आंब. जुडी हातात घेतली की बोटं चरचरतात. ठेलेवाला म्हणतो, "माताजी, छिला हुआ भी है, सीधे सब्जी बना लो." मी सोललेले दाणे कधी घेत नाही. जुडी घरी आणते, गच्चीवर उन्हाच्या तुकड्यात चटई टाकते आणि एकेक घाटा फोडत बसते. बोटांना ती आंबट चरचर होऊ देते. मग मध्येच हात थांबतात. ऊन पाठीवरून खांद्यावर सरकतं, आणि मी इथे असून इथे नसते. सून जिन्यातून डोकावते, बघते, खाली जाते. तिला सवय झाली आहे.

परवा अशीच बसले होते तेव्हा पुण्याहून मीराचा फोन आला. मीरा माझी नात. गेल्या वर्षी तिच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. हाड जुळलं, टाके निघाले, पण रस्त्यावर हॉर्न वाजला की तिचं अंग अजून दगडासारखं होतं. आता ती एका बाईंकडे जाते. थेरपी म्हणतात त्याला.

"बाई चांगल्या आहेत गं आजी," ती सांगत होती. "फार बोलायला लावत नाहीत. अंगात कुठे काय वाटतंय ते विचारतात. पाय जमिनीवर टेकवून बसवतात. तिथं असते तोवर बरं वाटतं. पण आठवड्यातून एकदाच जायचं ना. मधले दिवस फार जड जातात."

"जातात खरे," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?"

मी हसले. तिला वाटलं, आजीला फोनवर नीट ऐकू आलं नाही. माझ्या मांडीवर घाट्यांच्या सालींचा ढीग होता, आणि एवढ्या लांबून तिला सांगायचं तरी कसं, की माझ्याही वाट्याला एक अशी थंडी आली होती. तेव्हा थेरपी हा शब्द उज्जैनात कुणी ऐकलेला नव्हता, आणि आमचं राज्यसुद्धा वेगळं होतं. मध्यभारत म्हणायचे त्याला.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा मला धड हिंदी येत नव्हतं, आणि इथल्या मराठी माणसांचं मराठीही मला अर्धंच कळायचं. "भाजी आणून राह्यली का?" असं सासूबाईंनी विचारलं की मी गोंधळून उभी. तेव्हा इंदू मागून खुदकन हसायची. इंदू माझी नणंद. माझ्याहून जराशी लहान, पण त्या घरात माझ्या आधीची, म्हणून सगळा अधिकार तिचा. सब्जीवाल्याशी कसं बोलायचं, टांगेवाल्याला कसं दटावायचं, सराफ्यात कुठल्या दुकानासमोर उभं राहिलं की बांगडीवाला आपणहून हाक मारतो, हे सगळं मला तिने शिकवलं. आमचं घर तेव्हा जुन्या गावात, घाटाच्या अगदी जवळ होतं. इंदू नदीवर वाढलेली पोर. लहानपणी भावांबरोबर पोहायला शिकली होती. लग्नाचं वय झालं तरी पाणी बघितलं की तिचे पाय आवरत नसत. मला मात्र पोहता येत नव्हतं. आमच्या गावात बायका विहिरीचं पाणी ओढायच्या, त्यात उतरायच्या नाहीत.

भाद्रपदातली गोष्ट. पलीकडच्या काठावर दत्ताच्या आखाड्याकडे आम्ही दोघी दर्शनाला गेलो होतो. परत येताना नदी चढलेली आणि नाव भरलेली. मध्यावर काय झालं ते मला कधीच नीट सांगता आलं नाही. कुणीतरी उभं राहिलं, कुणीतरी ओरडलं, नाव एका बाजूला कलली, आणि वरचं आभाळ खाली गेलं. केवटाने माझा अंबाडा धरून मला वर ओढलं. काठावर आणून पालथं घातलं, पोटातलं पाणी काढलं. इंदूला पोहता येत होतं, म्हणून तिच्याकडे आधी कुणी पाहिलंच नाही. तिने काठ गाठला असेल असं सगळ्यांनाच वाटलं. संध्याकाळी ती पुलाच्या खालच्या अंगाला सापडली.

माझ्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

वर्षश्राद्ध झाल्यावर माझ्या मिस्टरांनी, हे रेल्वेत होते, फ्रीगंजात भाड्याने जागा घेतली. स्टेशन जवळ पडतं असं कारण सांगितलं. नदी तिथून लांब, रुळांच्या पलीकडे, सगळं जुनं गाव ओलांडल्यावर. त्या नव्या घरात इंदूचं नाव कुणी घेत नसे. सासूबाईंनी तिच्या साड्या कुठे दिल्या ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांनी मला कधी एका शब्दाने टोचलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटायची. वाटायचं, त्या मनात म्हणत असतील, पोहता येणारी गेली आणि न येणारी राहिली.

माझ्या अंगाचं मात्र काहीतरी बिघडलं होतं. बादलीत पाणी पडायचा आवाज झाला की माझा श्वास थांबायचा. मी थांबवत नव्हते, तो थांबायचा. हात जिथे असतील तिथे राहायचे. दूध उतू जायचं, पोळी करपायची, आणि मी तव्यासमोर बसलेली असूनही मला काही करता यायचं नाही. मग अचानक छातीत हवा शिरायची, हातपाय गार पडायचे, आणि दिवसभर अंग ठेचल्यासारखं दुखायचं. वैद्यांचे काढे झाले. एका पुजाऱ्याने दंडात गंडा बांधला. शेजारची कुणी म्हणाली, बाधा आहे. ह्यांनी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, छाती स्वच्छ आहे, घाबरू नका. घाबरू नका, हे तर मला सगळेच सांगत होते.

त्यात विनूचा जन्म झाला. मीराचा बाप. बाळाला न्हाऊ सासूबाई घालायच्या. मोरीत पाटावर बसून पाय लांब करायच्या, पायांवर बाळाला पालथं घ्यायच्या, तेल चोळायच्या, मग घंगाळातलं कढत पाणी तांब्याने ओतायच्या. डोक्यावर पहिला तांब्या पडला की तान्हं मूल क्षणभर श्वास धरतं. सगळीच मुलं धरतात. तोंड उघडं, डोळे मोठे, आणि आवाज नाही. मग एकदम रडू फुटतं. तो एक क्षण मला सहन व्हायचा नाही. मी आतल्या खोलीत गोधडीत तोंड खुपसून बसायची. पोटच्या पोराला मी एकदाही न्हाऊ घातलं नव्हतं, आणि घरात कुणी ते बोलून दाखवत नव्हतं.

लीलाताई मला भेटल्या त्या मार्गशीर्षातल्या एका हळदीकुंकवाला. माधव नगरात एका वकिलांच्या घरी मराठी बायका जमल्या होत्या. मी दारात चप्पल घालत होते आणि मोलकरणीने मागच्या पायऱ्यांवर पाण्याची बादली पालथी केली. मी चौकट धरून उभी राहिले ती राहिलेच. बायका बाजूने जात होत्या, "येते हं," म्हणत होत्या, आणि मला मान वळवता येत नव्हती. तेवढ्यात कुणीतरी माझ्या शेजारी येऊन उभं राहिलं. हात लावला नाही. काय झालं, असंही विचारलं नाही.

"टाचा खाली दाब," एक सपाट, शांत आवाज म्हणाला. "फरशी गार आहे का बघ. आहे ना? आता त्या समोरच्या झाडाला किती फांद्या दिसतात ते नुसतं बघ. मोजू नकोस."

फरशी गार होती. झाड बकुळीचं होतं. माझा श्वास सुटला तो इतक्या जोरात, की मीच दचकले.

"गुरुवारी दुपारी मी घरी एकटी असते," त्या म्हणाल्या. "ये. बाळाला घेऊन आलीस तरी चालेल."

लीलाताई पुण्याच्या. त्यांचे यजमान मध्यभारताच्या शिक्षण खात्यात मोठे अधिकारी होते, माधव नगरात त्यांना सरकारी बंगली होती. लढाईच्या काळात लीलाताईंनी पुण्याला लष्करी इस्पितळात काम केलं होतं. मालिश आणि व्यायाम शिकून घेतले होते तिथे. जखमी शिपायांचे हातपाय पुन्हा चालते करायचे, हे त्यांचं काम. त्या सांगायच्या, काही शिपायांच्या अंगाला काहीच झालेलं नसायचं. हात धड, पाय धड. पण ताट पडल्याचा आवाज झाला की ते खाटेखाली शिरायचे. त्यांना समजावून सांगून उपयोग व्हायचा नाही, कारण सगळं त्यांना आधीच समजत असायचं. अंगाला समजत नसायचं. मग त्यांच्या वरच्या बाई त्या शिपायांना अंगाच्याच वाटेने परत आणायच्या. ते बघून बघून लीलाताई शिकल्या होत्या.

घरी मी सांगितलं, बाळंतपणानंतर कंबर धरली आहे, त्या बाई मालिश करतात. सासूबाईंनी माझ्याकडे थोडं जास्त वेळ पाहिलं. म्हणाल्या, "विनूला मी पाहून घेईन. तू जाऊन ये. घाई नको करू."

ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या, पण आम्ही खाली चटईवर बसायचो. माळव्यातलं पौषातलं ऊन, अंगाला हलकं, डोळ्यांना मऊ. पलीकडे कुठेतरी पिंजारी कापूस पिंजत असायचा, त्याच्या तारेचा घुमणारा आवाज यायचा. लीलाताई माझ्यासमोर हरभऱ्याच्या जुड्या टाकायच्या. "सोल," म्हणायच्या. "बोटांना काय होतंय?"

"चरचरतंय."

"कुठल्या बोटाला जास्त?"

असले प्रश्न मला जन्मात कुणी विचारले नव्हते. पहिल्यांदा मला हसू आलं. नावेचं सगळं मी त्यांना आल्या आल्या सांगितलं होतं; वाटलं, मी इंदूबद्दल बोलायला आले आणि ह्या बोटांचं काय विचारतात. पण बोट शोधता शोधता लक्षात आलं, इतका वेळ माझे खांदे कानांपाशी होते, ते खाली आलेत. लीलाताईंच्या ते आधीच लक्षात आलेलं असायचं. त्या फक्त मान हलवायच्या.

त्यांनी मला भिंतीला पाठ लावून, तळहातांनी भिंत मागे रेटायला शिकवलं. श्वास सोडताना ओठ मिटून गुणगुणायला शिकवलं, छातीचं हाड बोटाखाली थरथरेल इतकं. एकदा अंगणात भिजलेलं कुत्रं आलं, त्याने सगळं अंग झटकलं, आणि लीलाताई म्हणाल्या, "बघ, त्याला कुणी शिकवलं? माणसाला तेवढं करायची लाज वाटते." मग त्यांनीच उभं राहून हात झटकले, मान झटकली, पदर सोडून दिला, आणि एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याची बायको व्हरांड्यात थरथरत उभी राहिली. मीही उभी राहिले. माझं अंग एकदा हलायला लागलं ते मला थांबवता येईना. दात वाजत होते. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं.

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी काठावर थंडी वाजली होती ना? तेव्हा कापायचं राहून गेलं असेल. आता काप. मी इथेच आहे."

मी किती तरी वेळ कापत होते. शेवटी रडलेसुद्धा नाही. नुसती झोप आली. त्यांनी माझ्यावर शाल घातली आणि मी भर दुपारी परक्याच्या व्हरांड्यात झोपले.

पण गुरुवार एकच असायचा. शुक्रवारी सकाळी नळाला पाणी आलं की मी पुन्हा तीच. वाटायचं, कालचं सगळं खोटं. एका गुरुवारी मी रागाने म्हटलं, "तुमच्याकडे असते तोवर ठीक. घरी गेले की काही उरत नाही."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "इथं आपण काहीच करत नाही, सुधा. इथं फक्त वाट दाखवायची. चालणं मधल्या दिवसांत. आणि सगळं एकदम नको. अंगाला घाई केलेली आवडत नाही, ते पुन्हा दार लावून घेतं."

मग आम्ही घरातली कामंच वाटून घेतली. पाट्यावर चटणी वाटताना वरवंटा पुढे गेला की श्वास सोडायचा. चुलीपुढे बसताना आधी टाचा टेकवायच्या. अंग थिजायला लागलं तर घरातल्या तीन वस्तू डोळ्यांनी धरायच्या: डबा, कोनाडा, ह्यांची टोपी. आणि पाणी. पाण्याची एक वाटी घ्यायची, तिच्यात एकच बोट बुडवायचं. श्वास थांबायला लागला की बोट काढायचं, कोरडं करायचं, हातावर हात चोळायचे. पुन्हा बोट. मनगटापर्यंत जायचं ते जेव्हा अंग हो म्हणेल तेव्हा. ह्यांनी एकदा मला स्वयंपाकघरात वाटीत बोट घालून बसलेली पाहिली. "काय करून राह्यली?" म्हणाले. मी म्हटलं, "पाणी गार आहे का बघतेय." ते थोडा वेळ उभे राहिले, मग माझ्याशेजारी खाली बसले. त्यांनीही बोट घातलं वाटीत. बहीण त्यांचीही गेली होती, हे मी त्या दिवसापर्यंत पुरतं ध्यानात घेतलेलं नव्हतं.

वाईट दिवसही आले. माघात मावठा, थंडीतला अवकाळी पाऊस, झाला, पन्हळीतून पाणी कोसळायला लागलं, आणि मी कोपऱ्यात बसून राहिले ती संध्याकाळपर्यंत. सासूबाईंनी विनूला वरचं दूध पाजलं, दिवा लावला, माझ्यासमोर चहाची कपबशी ठेवली. त्या वाफेचा वास मला अजून आठवतो. त्या गुरुवारी मी हरल्यासारखी लीलाताईंकडे गेले. मावठ्याचा तो दिवस सांगितला, म्हटलं, सगळं परत पहिल्यासारखं झालं.

"संध्याकाळी चहा घेतलास ना?"

"हो."

"मग पहिल्यासारखं कसं? पूर्वी तू दुसऱ्या दिवशीपर्यंत बसली असतीस."

फाल्गुनात सासूबाईंना ताप आला. हिवताप होता, अंगावर गोधड्यांचा ढीग घालून त्या पडून होत्या. सकाळी विनू रडत होता, अंगाला तेल लावलेलं, न्हाऊ घालायला कुणी नाही. शेजारणीला बोलवता आलं असतं. मी मोरीत पाट ठेवला. पाय लांब केले, टाचा फरशीवर घट्ट दाबल्या. विनूला नडग्यांवर घेतलं. केवढा ऊबदार होता तो, केवढा निसरडा. तांब्या भरला. आधी पायांवर ओतलं, मग पाठीवर. मग डोक्यावर.

त्याने श्वास धरला. माझाही थांबला. त्याचे उघडे ओठ मला दिसत होते, आणि आजूबाजूचं सगळं हिरवं, गढूळ होत चाललं होतं. मी टाचा दाबल्या. ओठ मिटले आणि गुणगुणले. सूर कसला, नुसता घोगरा आवाज. पण तो माझ्या छातीतून पोटात गेला, पोटातून मांड्यांत, आणि तिथून पायांवरच्या त्या इवल्या अंगात गेला असावा. विनूने मान वळवली. आवाज कुठून येतो ते शोधायला लागला. आणि त्याने श्वास सोडला. रडला नाही. पाण्याखाली डोळे मिचकावत माझ्याकडे बघत राहिला.

मी त्याला पंच्यात गुंडाळून बाहेर आणलं तेव्हा सासूबाई भिंत धरून दारात उभ्या होत्या. तापाने डोळे लाल. त्यांनी नुसता हात पुढे करून विनूचं ओलं डोकं पुसलं आणि जाऊन पडल्या.

मग उन्हाळा गेला, पावसाळा गेला. सगळीकडे एकच बोलणं होतं. मध्यभारत जाणार, नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ. ग्वाल्हेरवाले हळहळत होते, इंदूरवाले चिडले होते. सरकारी नोकरांच्या घरांत सामान बांधायला लागलं होतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. राज्य आमच्या स्वयंपाकघरापर्यंत कधी आलं नव्हतं. मग एका गुरुवारी मी माधव नगरात गेले तर व्हरांड्यात गवताने भरलेली खोकी होती, आणि वेताच्या खुर्च्या सुतळीने बांधलेल्या.

"साहेबांना भोपाळला जावं लागणार," लीलाताई म्हणाल्या. बसायला चटईसुद्धा नव्हती. आम्ही पायरीवर बसलो.

मी काय म्हणाले ते आठवत नाही. काहीतरी म्हणाले असेन, की आता माझं कसं. लीलाताई आपल्या हातांकडे बघत होत्या.

"तुला एक सांगू? मला तरी कुठे येत होतं, सुधा," त्या म्हणाल्या. "तिथं शेजारी डॉक्टर असायचे, वरच्या बाई असायच्या. इथं मी एकटी. तू कापायला लागलीस त्या दिवशी माझेच तळहात गार पडले होते. तू झोपलीस तेव्हा मी आत जाऊन देवापाशी बसले." मग म्हणाल्या, "पण लग्नानंतर एवढ्या वर्षांनी मी माझं काम केलं. त्या एका थंडीत. आता तिकडे साहेबांची बायको म्हणून समारंभाला जायचं, पहिल्या रांगेत बसायचं."

मी तोवर त्यांच्याकडे फक्त आधार म्हणून बघत होते. त्यांनाही त्या दुपारची वाट पाहावीशी वाटत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"नदीपर्यंत जायचं राहिलं आपलं," त्या उठताना म्हणाल्या.

"तुम्ही याल तेव्हा जाऊ."

"माझ्यासाठी थांबू नकोस. पण एकटी जाऊ नकोस. कुणाला तरी बरोबर ने."

त्यांची गाडी सुटली तेव्हा मी स्टेशनवर होते. ह्यांनी ड्यूटीवरून खास वेळ काढला होता. लीलाताईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या खांद्यावर ठेवला आणि थोडा खाली दाबला. खांदे परत वर गेले होते माझे.

त्यानंतर गुरुवारची दुपार कुठे ठेवावी ते मला कळेना. जेवणं आटोपली की पाय आपोआप चपलेकडे जायचे. एकदोनदा मी खरंच माधव नगरात जाऊन आले. बंगलीत दुसरे कुणी राहायला आले होते, व्हरांड्यात त्यांचे कपडे वाळत होते. मी फाटकापासून परत फिरले. भिंत रेटायची, वरवंट्याबरोबर श्वास सोडायचा, हे सगळं मी करत होते. नुसतं सांगायला कुणी नव्हतं.

पुन्हा थंडी आली. माघात एका सकाळी सासूबाई पीठ चाळत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"आई, नदीवर येता का माझ्याबरोबर?"

चाळणी थांबली. फ्रीगंजात आल्यापासून त्या नदीवर गेल्या नव्हत्या. आधी रोज जायच्या, थंडी असो, पाऊस असो. गुडघे दुखतात, टांग्याला पैसे कशाला, असं म्हणायच्या, आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं धरलं होतं.

"माझे गुडघे," त्या म्हणाल्या. मग हातावरचं पीठ झटकलं आणि म्हणाल्या, "चल."

टांगा रुळांवरच्या पुलावरून, गोपाळ मंदिरावरून, जुन्या गल्ल्यांतून गेला. घाटावर फार गर्दी नव्हती. पंडे छत्र्यांखाली बसले होते, बायका पितळी तांबे घासत होत्या. नदी उतरलेली होती, स्वच्छ, मंद. मी पहिल्या पायरीवर उभी राहून टाचा दाबल्या, आणि शेजारी एक आवाज ऐकला. ऐकला म्हणण्यापेक्षा, एक आवाज थांबलेला ऐकला. सासूबाईंचा श्वास. तोंड उघडं, डोळे पाण्यावर, हात पदराशी जसाच्या तसा. मला ते ओळखायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं त्या माझ्याच घरात, माझ्याच चुलीपुढे, अशाच थिजत असणार, आणि मी आतल्या खोलीत गोधडीत तोंड खुपसून बसत होते.

"आई," मी म्हटलं, "टाचा खाली दाबा. पायरी गार आहे का बघा."

त्यांनी दाबल्या. मी गुणगुणायला लागले. हळूहळू त्यांचा श्वास आला, हुंदक्यासारखा.

"मीच म्हणाले होते तिला," त्या म्हणाल्या. नदीकडे बघूनच. "वहिनीला बरोबर घेऊन जा, तिला काठाची सवय नाही, तुला पोहता येतं, तिला सांभाळ. मीच म्हणाले. तुझ्या तोंडाकडे बघितलं की मला तेच आठवायचं. म्हणून मी बोलून नाही राह्यले तुझ्याशी त्याबद्दल. तुला वाटलं असेल, मी तुला बोल लावते."

"वाटलं होतं."

"नाही ग पोरी. तू राहिलीस म्हणून तर घर राहिलं."

आम्ही एकमेकींचा हात धरून उतरलो. घोटे, मग पोटऱ्या, मग गुडघे. पाणी बर्फासारखं होतं. गुडघ्याएवढ्या पाण्यात सासूबाई थांबल्या आणि त्यांनी हाक मारली, "इंदे!" मोठ्याने, जशी अंगणातून जेवायला बोलावताना मारायच्या. घाटावरच्या बायका बघायला लागल्या. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग त्यांच्या अंगाला कापरं भरलं आणि मी त्यांना धरून ठेवलं, थांबवलं नाही. माझा श्वास चालू होता. आत जात होता, बाहेर येत होता, आणि मी त्याच्याकडे लक्षही देत नव्हते.

घरी येताना टांग्यात मला एकच ओढ लागली होती, लीलाताईंना हे सांगायची. पत्रात लिहिण्यासारखं ते नव्हतं. समोर बसून सांगायचं होतं, त्यांचं ते मान हलवणं बघायचं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पास काढून भोपाळला जाऊ, असं हे म्हणाले. मी विनूसाठी नवं झबलंही शिवलं. चैत्रात ह्यांच्या ऑफिसातल्या कुणाकडून कळलं, की भोपाळला लीलाताई काविळीने गेल्या. त्याला तेव्हा महिना होऊन गेला होता.

मी पुढे चांगलं आयुष्य जगले. विनूला आणि त्याच्या पाठच्या दोघींना मीच न्हाऊ घातलं. सासूबाई त्यांच्या शेवटच्या आजारापर्यंत माझ्याबरोबर नदीवर येत राहिल्या, आणि इंदूच्या गोष्टी आमच्या घरात परत सुरू झाल्या. मुलांना ती आत्या म्हणून माहीत आहे, जणू आत्ताच कुठे बाहेर गेली आहे. अंग अजून कधीतरी थिजतं. मग त्याच्याशी कसं वागायचं ते मला येतं. मीराला मी तेवढं नक्की शिकवेन, ती सुट्टीत येईल तेव्हा.

पण ते सांगायचं राहिलं ते राहिलंच. ज्या माणसाला सांगायचं, ते माणूसच नसलं की गोष्ट आत नुसती उभी राहते, बसायला जागा नसल्यासारखी. घरात कुणी नसतं अशा दुपारी मी कधी कधी मोठ्याने सांगते. त्यांच्यासारख्या पुणेरी मराठीत, जे आता माझ्या तोंडी नीट बसतही नाही.

"लीलाताई, मी गेले होते. आईही आल्या होत्या. पाणी फार गार होतं."